पाल्यातला श्वास

संगोपनगृहात शिरताना चप्पल बाहेर काढायची, पाय औषधाच्या पाण्यात बुडवायचे आणि आत गेल्यावर बोलायचं नाही, हे तीन नियम कांचन तौर अक्षरं गिरवायला लागण्याआधी शिकली होती. तिचे वडील नागोराव स्वतःपुरता एक चौथा नियम पाळायचे. अळ्यांना तुतीचा पाला टाकण्याआधी ते रॅकच्या लोखंडी खांबावर बोटाच्या पेराने टकटक करायचे. दोनदा, आणि जरा थांबून एकदा.

"दुसऱ्याच्या घरात जाताना कडी वाजवावी," असं त्यांचं म्हणणं.

रेशमाच्या अळीला कान नसतात, हे कांचनने पुढे विद्यापीठात वाचलं आणि सुट्टीत घरी आल्यावर त्यांना सांगितलंही. नागोराव म्हणाले, "नसूं दे. मला हात हायत ना."

त्या दिवशी ती पुण्याहून आली आणि तिन्ही नियम पाळून आत गेली. बाहेर वैशाखाचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. आत ओल्या गोणपाटाचा वास होता, पंख्यांची घरघर होती आणि गारवा होता. आई, प्रयागबाई, बाजेवर बसली होती.

संगोपनगृहात बाज असायला नको. ही बाज तिथे आली त्याला दुसरं वर्ष सरत आलं होतं. नागोरावांची फुफ्फुसं थकली, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की यांना धुळीपासून, उन्हापासून जपा. साऱ्या गावात गार आणि स्वच्छ जागा एकच होती, अळ्यांची. म्हणून प्रयागबाईंनी नवऱ्याची बाज तिथे टाकली. त्याच दिवसांत अळ्या सुतावर यायच्या, कोष विणू लागायच्या होत्या. त्यांना वेचून कोष विणायच्या जाळ्यांवर, चंद्रिकांवर, सोडायचं काम दोन माणसांचं, तेही घाईचं. एका बाईच्या हातून ते होणारं नव्हतं. तेव्हा त्यांनी अळ्यांना कोषात जाण्यापासून रोखणाऱ्या 'विराम'ची बाटली उघडली. हे उठेपर्यंत अळ्या थांबतील, एवढाच त्यांचा हिशेब. नागोराव उठले नाहीत. बाकीची बॅच शेजाऱ्यांनी नेऊन कोषावर आणली. बाजेला लागून असलेला एक रॅक मात्र प्रयागबाईंनी दिला नाही.

त्या रॅकवरच्या अळ्या कांचनने आता पाहिल्या. एरवी करंगळीएवढी होऊन कोषात जाणारी अळी इथे अंगठ्याहून जाड झाली होती. कातडी मेणबत्तीसारखी, आतला हिरवा अन्नमार्ग बाहेरून दिसत होता. सगळ्या निश्चल होत्या.

आईने ओठांवर बोट ठेवलं. उठून तिने रॅकच्या खांबावर टकटक केली. दोनदा, थांबून एकदा. सगळ्या ट्रेमधल्या सगळ्या माना एकदम वर आल्या.

मग तिने पाला पसरला.

अळ्यांच्या खाण्याचा आवाज कांचनच्या ओळखीचा होता. वाळल्या कडब्यातून वारा जावा तशी सरसर. प्रत्येक तोंड आपापल्या गतीने चालतं, त्यामुळे ती सरसर सपाट असते. ही सपाट नव्हती. ती हळूहळू चढत गेली, वर जाऊन अडखळली, खरखरली, आणि उतरली. मग शांतता. मग पुन्हा चढली, आधीपेक्षा अवघड होऊन, जिन्याची पायरी चढल्यासारखी.

वडिलांच्या शेवटच्या महिन्यांत त्यांच्याशी फोनवर बोलताना कांचन हाच आवाज ऐकत असे. अण्णा बोलायचे थोडं आणि मध्ये श्वास घ्यायचे फार. ती म्हणायची, "अण्णा, बोलू नका, नुसते ऐका." मग फोनवर तेवढाच आवाज उरायचा.

*

'विराम' कांचननेच तयार केलं होतं. त्यामागचं विज्ञान तिने एकदा अण्णांना त्यांच्याच रिळावर समजावलं होतं.

अळी, कोषातला किडा आणि पतंग या तिघांची जनुकं एकच असतात. जनुकांचा धागाही तोच. पेशीच्या आत तो प्रथिनांच्या बारीक मण्यांवर गुंडाळलेला असतो, आणि धागा-मण्यांच्या या गुंडाळीला क्रोमॅटिन म्हणतात. गुंडाळी जिथे घट्ट, तिथली जनुकं मुकी. जिथे सैल, तिथली बोलती. एक्डायसोन नावाचं संप्रेरक आलं, की ते धाग्यावर ठरावीक जागी बसलेल्या आपल्या ग्राहीला, म्हणजे रिसेप्टरला, जागं करतं. तो रिसेप्टर मण्यांवर रासायनिक खुणा करणारी विकरं बोलावतो. खुणा बदलल्या की मणी सरकतात आणि धागा सुटतो. पण कुठला धागा सुटायचा, हे दुसरं एक संप्रेरक ठरवतं. त्याला बाल संप्रेरक म्हणतात. ते अंगात भरपूर असेल तर एक्डायसोन येऊनही अळी फक्त कात टाकते आणि अळीच राहते. ते ओसरलं की कोषाची जनुकं उघडतात आणि अळी सूत सोडू लागते.

"म्हंजे पोरपण धरून ठेवणारं औषध," अण्णा म्हणाले होते.

"बरोबर."

"मग माणसासाठी कधी करतीस?"

'विराम' हा बाल संप्रेरकाचा एक चिवट भाऊ होता. अळीच्या शरीराला तो मोडता येत नसे, आणि कोषाच्या जनुकांभोवतीची गुंडाळी तो आवळून ठेवत असे. रोज फवारलं की अळी थांबायची. फवारणं बंद केलं की दोन-तीन दिवसांत सुतावर यायची. घरात लग्न निघालं, आजारपण आलं, मजूर मिळेनात, तर बॅच फेकून न देता थांबवता येई. मराठवाडाभर ते गेलं, पुढे कर्नाटकात आणि बंगालातही गेलं.

एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. अळीचा मेंदू पुढे कोषात मोडून नव्याने बांधायचा असतो. म्हणून निसर्ग त्यात फार काही साठवत नाही. महिन्याभराच्या आयुष्यात साठवणार तरी काय? आजवर अळीला कुणी वेळच दिला नव्हता. तो दिल्यावर रोज रोज जे घडत राहिलं, त्याच्या खुणा तिच्या चेतापेशींतल्या मण्यांवर बसत गेल्या. पुसायला कोष येईना. त्यामुळे त्या पक्क्या झाल्या.

बातम्या हिवाळ्यापासून येत होत्या. एका गावात थांबवलेल्या अळ्या शेजारच्या देवळातल्या आरतीच्या ठेक्यावर खात होत्या. दुसरीकडे मालक गाडीवरून उतरायच्या आधीच त्या ट्रेच्या काठाला येऊन दाराकडे तोंड करून ओळीने बसत. तिथल्या बायकांनी आत जाणं सोडलं. शेवटी आदेश निघाला. थांबवलेली प्रत्येक बॅच जाळायची आणि 'विराम'च्या बाटल्या परत करायच्या.

*

मुजीब शेख, तालुक्याचे रेशीम निरीक्षक, दुपारी आले. नागोरावांचे जुने दोस्त. ओट्यावर टेकत म्हणाले, "वहिनी, आधी चहा द्या. कायदा काय, पळून जात नाही."

"साखर संपलीय. कायदाच प्या," प्रयागबाई म्हणाल्या.

"बघ कांचन बेटा, तुझ्या आईच्या तोंडाला 'विराम' लागू पडत नाही."

कांचन हसली नाही. मुजीबभाईंनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि आवाज उतरवला. "उद्या गाडी येईल. सगळा रॅक न्यावा लागंल. माझ्या हातात असतं तर... तुम्हाला माहीत आहे."

"तुमच्या हातात काय हाय ते मला माहीत हाय. आन् हिच्या हातात काय होतं तेबी." प्रयागबाईंनी मुलीकडे मान केली. "आधी म्हन्ली, मारू नका, थांबवा. आता म्हन्ते, मारा."

मुजीबभाई विहिरीकडे हात धुवायला गेले. ते परत यायला फार वेळ लावणार, हे तिघांनाही कळलं.

"आई, दोन वर्षं होत आली. अण्णा नाहीत."

"मला काय सांगतीस? मीच आंघोळ घातलीय त्यांना."

"मग हे आत काय धरून बसलीयेस?"

"त्यांचं भायेर राहिलेलं." प्रयागबाई पदराने ओटा पुसू लागल्या. ओटा स्वच्छच होता. "तू आलीस तवा ते गेले होते. मीबी आले तवा गेलेच होते."

कांचनला नीट ऐकू आलं होतं. तरी तिने विचारलं, "म्हणजे? तू तर म्हणाली होतीस झोपेत गेले. तू शेजारी होतीस."

"लोकाला काय सांगायचं? पाला कापायला गेले होते मी. ह्यांना खायाला लागतं की." तिने संगोपनगृहाकडे हात केला. "त्यांच्याजवळ ह्येच होते. दुसरं कुनी न्हवतं. आता कळलं का कशापायी जपायले? तिथं काय झालं, ते ह्यांनाच माहीत हाय."

"अळ्या अण्णांच्या शेवटच्या श्वासापर्यंत जातात?"

"जातेत. मी ऐकत न्हाई. तिथं आलं की उठून जाते." मग म्हणाली, "तू ऐक. तू शिकलेली हायस."

*

कांचन बाजेवर बसली. आई दारात उभी राहिली, अर्धी आत, अर्धी बाहेर. पाला पडला, माना उठल्या आणि सरसर सुरू झाली.

सुरुवातीला तिने शास्त्रज्ञासारखं ऐकलं. कुठला ट्रे आधी, कुठला मागून, लहर कुठून कुठे जाते. ते फार टिकलं नाही. श्वास चढत होता आणि त्याबरोबर तिची छाती नकळत चढत होती. मधली शांतता लांबत गेली. एकदा ती इतकी लांबली की कांचनचे हात बाजेच्या लाकडी दांडीवर घट्ट झाले. मग पुन्हा खरखर. मग एक छोटा, उथळ, घाईचा श्वास, काहीतरी उरकायचं असावं तसा.

आणि मग अळ्यांनी पानं कुरतडली: टक, टक. थांबून, टक.

त्यानंतर काहीही नाही. पंखे फिरत होते. ट्रेमध्ये पाला तसाच होता आणि सगळ्या माना खाली गेल्या होत्या.

दारातून आईचा आवाज आला. संगोपनगृहात कुणी बोललेलं कांचन आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होती. "हेच. हेच ऐकवंना मला. खांब वाजवून बोलवत होते गं मला. आन् मी तुतीत."

कांचनने डोळे पुसले. मग तिला काहीतरी खटकलं.

"आई, अण्णा तुला हाक कशी मारायचे?"

"कशी म्हंजे? 'अगं ए' म्हनायचे. लई झालं तर 'प्रयाग'."

"कधी टकटक करून बोलावलं?"

"मला? मी का अळी हाय?"

कांचनने पुढचं हळू विचारलं. "त्या दिवशी भारा कुठे टाकला होतास?"

"कुठं म्हंजे, हितंच. दाराभायेर. नेहमी टाकते तिथं. मंग पाय धुतले, आत आले..." प्रयागबाईंचा हात चौकटीवर गेला.

"धप्प आवाज झाला असेल. तो त्यांनी ऐकला. त्यांना कळलं पाला आलाय." कांचन म्हणाली, "टकटक तुझ्यासाठी नव्हती. त्यांनी अळ्यांना सांगितलं. तू आली होतीस, आई. ते ऐकून गेलेत ते."

हे तसंच घडलं होतं की नाही, कांचनला ठाऊक नव्हतं. जुळत होतं, इतकंच. आईने खूप वेळ रॅककडे पाहिलं. मग ती आत आली, नवऱ्याच्या बाजेवर मुलीशेजारी बसली, आणि पहिल्यांदाच मोठ्याने, बाईने रडावं तशी रडली. अळ्या हलल्या नाहीत.

संध्याकाळी तिने चुलीपुढे बसून सांगितलं, "जाळायचं न्हाई. फवारा बंद कर. जाऊं देत त्यांच्या वाटेनं. कोषालाबी उष्णता देऊन आतला किडा मारायचा न्हाई." आणि भाकरी उलटत म्हणाली, "धरून ठेवलं म्हून मानूस जगत न्हाई गं. त्याचं नुसतं मरायचं ऱ्हातं."

मुजीबभाईंनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. "उद्याची गाडी पंक्चर आहे," ते म्हणाले. "परवाचीपण असंल. बाटल्या तेवढ्या माझ्याकडे पोचव."

*

फवारणं थांबलं. श्वास एक-दोनदा उमटला, मग विस्कटला, आणि रॅकवर साधी सपाट सरसर उरली. अळ्यांनी खाणं सोडलं. कातडीतला हिरवा रंग जाऊन पिवळसर झाक आली. मायलेकींनी त्यांना हाताने वेचून चंद्रिकांवर सोडलं आणि माना हलवत त्यांनी स्वतःला सुतात बंद करून घेतलं. कोष बोराएवढे नव्हते, लिंबाएवढे होते.

प्रयागबाईंनी बाज बाहेर काढून उन्हात टाकली. मुलीला म्हणाल्या, "परळीला सुमनकडे जाऊन येते म्हन्ते. लई वर्षं बोलवायलीय." सुमन ही त्यांची धाकटी बहीण.

पतंग बाहेर पडले तेव्हा कांचन पुन्हा आली होती. रेशमाच्या पतंगाला खाता येत नाही, उडताही येत नाही. तो नुसती पंखांची फडफड करत जोडीदार शोधतो, अंडी होतात आणि तो मरतो. शेकडो पांढरे पंख फडफडत होते. जाता जाता प्रयागबाईंनी सहज, निरोप घ्यावा तशी, खांबावर टकटक केली. सगळे पंख एकदम थांबले.

"बघ," ती हसून म्हणाली, आणि पिशवी घेऊन बसस्टँडकडे गेली.

पतंगांनी अंडी घातलेला एक कागद कांचनने पुण्याला नेला. तपासायला हवं, असं तिने स्वतःला सांगितलं. मेंदू मोडून बांधला तरी खूण राहते, हे तिने पाहिलं होतं. ती खूण अंड्यात उतरते का, हा प्रश्न कुठल्याही शास्त्रज्ञाला पडला असता. 'विराम'च्या बाटल्या तिने मुजीबभाईंना दिल्या. एक तिच्या बॅगच्या तळाशी होती. ती द्यायची राहून गेली.

*

प्रयोगशाळेत अंडी फुटली. कात टाकत टाकत अळ्या वाढल्या. नेहमीच्या आकाराच्या, नेहमीच्या रंगाच्या. त्यांच्यावर कधी काही फवारलं नव्हतं. त्यांनी बाज पाहिली नव्हती आणि गाव पाहिलं नव्हतं. कांचन रोज सकाळी पाला टाकायची आणि टकटक न करता उभी राहायची. सपाट सरसर. ती मनातल्या मनात थोडी निराश व्हायची आणि पुष्कळ सुटल्यासारखी.

शेवटची कात पडून आठवडा झाल्यावर, एका साध्या सकाळी, कॉफीचा कप हातात असताना, तिला आवाज बदललेला कळला.

अण्णांचा नव्हता. हा हलका होता. लांब आत जाणारा, वर पोचल्यावर घशात किंचित अडकणारा, आणि मग सुस्कारा सोडावा तसा सुटणारा. प्रत्येक वेळी तिथेच अडकणारा. कांचन तो ओळखत होती. लहानपणी पावसाळ्यात वीज कडाडली की ती ज्या कुशीत शिरायची, तिथे तो असायचा. आई झोपली की असाच श्वास घ्यायची.

अण्णा गेल्यापासून आई त्याच बाजेवर झोपत होती. तिथल्या अळ्या तिला ऐकत होत्या. अण्णांचं त्यांनी सर्वांसमोर म्हणून दाखवलं. आईचं त्यांनी नुसतं ठेवून घेतलं, आणि अंड्यातून पुढे दिलं.

तिने फोन लावला.

"हां, बोल," प्रयागबाई म्हणाल्या. मागे टीव्ही चालू होता. "आगं, सुमननं पुरनपोळ्या केल्या, आन् किती खाल्ल्या म्हून सांगू! आता पोट धरून पडलेय."

"बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझा आवाज का असा यायला?"

"काही नाही. पाला टाकतेय."

"तुझे अण्णा हायत का गं त्यात?" आईने अगदी सहज विचारलं.

कांचन ट्रेकडे पाहत होती. "नाही," ती म्हणाली. "अण्णा नाहीत."

"चांगलं झालं," आई म्हणाली आणि फोन ठेवला.

कांचनने फोन खाली ठेवला तेव्हा तिला दिसलं, अळ्यांच्या अंगावर पिवळसर झाक आली होती. काहींनी पानं सोडली होती. आज त्या सुतावर येणार आणि हा आवाज बंद होणार. श्वास मात्र चालू होता. चढायचा, अडकायचा, सुटायचा. आणि मधली शांतता, तिला वाटलं, आधीपेक्षा थोडी लांब होती.

हे शक्य नाही, ती स्वतःशी म्हणाली. अळ्यांना ठाऊक असेल ते फक्त ऐकलेलं. जे घडलंच नाही त्याची खूण मण्यांवर कशी बसेल? आई परळीत आहे. पोट धरून पडली आहे. अळ्या खाणं सोडतायत म्हणून आवाज विरळ होतोय, एवढंच.

ती उभी राहून ऐकत राहिली. श्वास चढला, अडकला, सुटला. मग शांतता. पुन्हा चढला, पण उथळ. घाईचा.

कांचनने बॅग जवळ ओढली. तळाशी हात घातला, बाटली काढली आणि झाकण फिरवलं. सील तुटल्याचा बारीक आवाज झाला.

'विराम' कधी न पाहिलेल्या त्या अळ्यांच्या सगळ्या माना एकदम वर आल्या. तिच्याकडे तोंड करून त्या वाट पाहू लागल्या.